‘मला मेल मिळालाच नाही’

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री बारापर्यंत गाणी चालली होती आणि आत्ता सगळ्यांचे पोहे झालेत. अशा वेळी माझं भाषण ठेवलंय, म्हणजे थोडी झोप संयोजकांनी गृहीतच धरली असणार. विषय माझ्या निवडीचा नाही. गेले तीन महिने समितीतली मंडळी नोंदणीसाठी फोन करत होती. त्यांना पलीकडून पुन्हा पुन्हा एकच वाक्य ऐकू यायचं, ‘मला मेल मिळालाच नाही.’ यावर समितीचं उत्तरही ठरलेलं, ‘आम्ही तर सगळ्यांना पाठवला होता.’ गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं खरी होती. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते सांगायला मला उभं केलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. त्यामुळे नात्यात कोणाचाही प्रिंटर रुसला तरी फोन मलाच येतो, तसंच हे काम माझ्याकडे आलं.

काही जण म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅप असताना मेल हवाच कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडे आहेच आणि गप्पांना ते उत्तमच. पण आपले दोन-तीन सर आणि बाई त्यावर नाहीत. काही मित्र रोजच्या सुप्रभातांना कंटाळून बाहेर पडले. आणि शाळेतल्या मुलांसाठी आपण जो शिष्यवृत्ती निधी चालवतो, त्याचे हिशेब, पावत्या, मुलांची आलेली पत्रं हे सगळं पाच वर्षांनीही शोधलं तर सापडायला हवं. म्हणून आपला ई-मेलचा ग्रुप गूगल ग्रुप्सवर अजून चालू आहे आणि तो चालू राहावा असं मला वाटतं. आपल्यातले बरेच जण, विशेषतः आपले शिक्षक, हे मेल संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये वाचतात. अक्षर मोठं करता येतं, कागदावर छापून घेता येतं. मेल हरवल्याच्या सगळ्यात जास्त तक्रारीही याच मंडळींकडून आल्या.

मेल कुठून कुठे जातो

शाळेत शिपाई काका सूचनावही घेऊन वर्गोवर्गी जायचे, आठवतंय? तास चालू असताना दारात उभे राहायचे. बाई सूचना वाचून दाखवायच्या आणि वहीत सही करायच्या. संध्याकाळी वही ऑफिसात परत गेली की मुख्याध्यापकांना कळायचं, नववी ‘ब’ ची सही नाही, म्हणजे तिथे सूचना पोचलेली नाही.

ग्रुपचा मेल बराचसा असाच फिरतो, फक्त त्याला सहीची वही नाही. त्याचे पाच थांबे आहेत. पहिला थांबा पाठवणाऱ्याचा संगणक. दुसरा त्याच्या मेलसेवेचा सर्व्हर. तिसरा ग्रुपचा सर्व्हर. तो सभासदांची यादी उघडतो आणि एका मेलच्या शंभर-सव्वाशे प्रती करून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर रवाना करतो. चौथा मिळवणाऱ्याच्या मेलसेवेचा सर्व्हर. पाचवा त्याच्या टेबलावरचा प्रोग्राम, म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्ड. प्रत्येक थांब्यावर मेल पुढच्याच्या हवाली केला की आधीच्याची जबाबदारी संपते. चौथ्या थांब्यावरून पाचव्यावर काय झालं, ते पहिल्याला कधीच कळत नाही.

साध्या मेलमध्ये पत्ता चुकला किंवा समोरची पेटी भरली, तर मेल पोचला नाही असा निरोप पाठवणाऱ्याकडे परत येतो. ग्रुपच्या मेलमध्ये तो निरोप सहसा पाठवणाऱ्याकडे येत नाही, ग्रुपच्या सर्व्हरकडे जातो. कारण त्या शंभर प्रती सर्व्हरने पाठवलेल्या असतात. म्हणजे आपल्या शंभर मेलपैकी वीस परत फिरले, तरी पाठवणारा म्हणणार, ‘मी सगळ्यांना पाठवलंय.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला कोणी कळवलेलंच नसतं. आणि ज्याला मिळाला नाही, त्याला काहीतरी यायचं होतं हेच मुळात माहीत नसतं. आलेला मेल टिंग वाजवून येतो. न आलेल्याचा आवाज होत नाही.

दोन वर्षांचा अबोला

हे एवढं गंभीरपणे का सांगते आहे? आपल्यातल्या एका मैत्रिणीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते, नाव सांगत नाही. ती परदेशात असते. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. आपल्यातले निम्मे लोक त्यांना ओळखत होते. त्यांच्या घरी आपण दहावीचा अभ्यास करायला बसायचो. तिने ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. एकाही माणसाचं उत्तर आलं नाही. तिने वाट पाहिली आणि मग आपल्या सगळ्यांशी बोलणं बंद केलं. या मेळाव्यासाठी तिला फोन केला, तेव्हा ती फार शांतपणे म्हणाली, ‘माझी गरज असताना कोणी एक शब्द लिहिला नाही. आता येऊन काय करू?’

आम्ही ग्रुपचा संग्रह उघडून पाहिला. त्या महिन्यात तिचा मेल नव्हता. तिला तिचं ‘सेंट’ फोल्डर बघायला सांगितलं. तिथे मेल होता. तारीख बरोबर, ग्रुपचा पत्ताही बरोबर. फक्त तो तिच्या ऑफिसच्या पत्त्यावरून गेला होता आणि ग्रुपमध्ये तिची नोंद होती जुन्या घरगुती पत्त्याने. संगणकावरच्या प्रोग्राममध्ये दोन खाती जोडलेली असली की ‘फ्रॉम’च्या रकान्यात कोणता पत्ता आहे, याकडे लक्ष जात नाही. ग्रुपच्या लेखी हा कोणा परक्याचा मेल होता, आणि परक्यांचे मेल आत घ्यायचे नाहीत अशी सेटिंग होती. तिसऱ्या थांब्यावर मेल अडला. आपल्यापैकी कोणी तिला टाळलं नव्हतं. तिची बातमी आपल्यापर्यंत आलीच नव्हती.

ती काल आली आहे. ज्यांना कळलं, ते तिच्याशी बोललेही. पण ती दोन वर्षं कोणी परत देऊ शकत नाही. म्हणून मला वाटतं की मेल कुठे अडला हे शोधता येणं आपल्या मैत्रीसाठीही गरजेचं आहे.

आधी ब्राउझरमध्ये बघा

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. मेल मिळाला नाही असं वाटलं, की बहुतेक जण संगणक बंद करून चालू करतात, नाहीतर प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात. दुसरी गोष्ट तर करूच नका. जुने मेल त्याच संगणकावर साठवलेले असतील, तर तेही हातचे जाण्याचा धोका असतो. आधी रस्त्याच्या मध्यावर जाऊन बघायचं, म्हणजे निम्मा रस्ता एका झटक्यात तपासून होतो.

क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा आणि तुमच्या मेलसेवेच्या वेबसाइटवर जाऊन लॉगिन करा. हा चौथा थांबा. तिथे मेल सापडला, तर चारही थांब्यांचं काम चोख झालंय आणि गडबड तुमच्या टेबलावरच्या प्रोग्राममध्ये आहे. तिथे नसेल, तर तुमच्या आउटलुकचा काही दोष नाही; त्याला बिचाऱ्याला मिळालंच नाही, तर तो दाखवणार काय? मग ग्रुपचं वेबपान उघडून संग्रह बघा. संग्रहात आहे पण तुमच्याकडे नाही, तर ग्रुप आणि तुमची पेटी यांच्यामध्ये अडलाय. संग्रहातही नाही, तर पाठवणाऱ्याकडून ग्रुपपर्यंतच गेलेला नाही. तेव्हा पाठवणाऱ्याला फोन करा.

वेबवर शोधताना नुसता इनबॉक्स बघून थांबू नका. जीमेलमधला नेहमीचा शोध स्पॅम आणि कचरापेटीत बघत नाही. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘इन’, त्याला जोडून कोलन, त्याला जोडून ‘एनिव्हेअर’ असं लिहून पुढे ग्रुपचं नाव टाकलंत, की सगळीकडे शोध होतो. हे वेळेवर करा, कारण जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकतं.

वेबवर आहे, पण संगणकावर नाही

याची कारणं थोडीच आहेत. जास्त आढळणारी आधी सांगते.

एक. मेल वेगळ्या फोल्डरमध्ये गेलाय. पुष्कळांनी कधीकाळी कोणाकडून तरी फिल्टर लावून घेतलेला असतो की ग्रुपचे मेल इनबॉक्समध्ये न येता ‘शाळा’ नावाच्या फोल्डरमध्ये जावेत. मेलसेवा ते इमानाने करत राहते. पण थंडरबर्ड नवे मेल बघताना सहसा फक्त इनबॉक्स तपासतो. त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि नवे मेल आणताना हा फोल्डरही तपासावा, या चौकटीत खूण करा. फोल्डर यादीत दिसतच नसेल, तर खात्यावर उजवी क्लिक करून ‘सबस्क्राइब’मध्ये त्याच्या नावापुढे खूण करा. जीमेल असेल, तर वेबवरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक लेबलपुढे ‘शो इन आयमॅप’ अशी चौकट असते. तिथली खूण गेली असेल, तर ते लेबल संगणकावर येणारच नाही.

दोन. जंक. आउटलुक आणि थंडरबर्ड या दोघांचीही स्वतःची वेगळी चाळणी असते. मेलसेवेने पास केलेला मेल इथे नापास होऊ शकतो. आपल्या ग्रुपवर रोज वेगळा माणूस लिहितो, मग किती जणांना ‘सुरक्षित’ म्हणून नोंदवणार? क्लासिक आउटलुकमध्ये यासाठी ‘सेफ सेंडर्स’च्या शेजारीच ‘सेफ रेसिपियंट्स’ अशी यादी आहे, आणि ती अशा ग्रुपांसाठीच आहे. तिच्यात ग्रुपचा पत्ता एकदा घातला की काम झालं. लिहिणारा कोणीही असो. आउटलुकमध्येच इनबॉक्सच्या वर ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन कप्पे दिसतात. ‘अदर’मध्ये डोकावल्याशिवाय मेल नाही असं म्हणू नका.

तीन. संभाषणच दडवलं गेलंय. हे सगळ्यात फसवं कारण आहे. आपल्या एका सरांच्या बाबतीत हेच झालं होतं. सरांनीच सांगितलंय, ‘सांग, म्हणजे दुसऱ्या कोणाचं व्हायचं नाही.’ सरांना बाकी सगळे मेल येत होते. फक्त मेळाव्याबद्दलचे येत नव्हते. दोन महिने त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. त्यांचा समज झाला की यंदा मुलांनी शिक्षकांना बोलवायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. अशा गोष्टी आपण होऊन विचारायला माणसाला अवघड वाटतं, हो ना?

झालं होतं एवढंच, की नको असलेल्या चर्चेकडे दुर्लक्ष करण्याची जी सोय मेल प्रोग्राममध्ये असते, ती एक कळ चुकून दाबली जाऊन चालू झाली होती. थंडरबर्डमध्ये मेलची यादी समोर असताना ‘के’ अक्षराची कळ दाबली, की ते संभाषण दृष्टीआड होतं आणि त्याला पुढे येणारी उत्तरंही दिसत नाहीत. ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘थ्रेड्स’, त्यात ‘इग्नोअर्ड थ्रेड्स’ निवडलं की ते परत दिसतं. त्यावर पुन्हा ‘के’ दाबायचं. आउटलुकमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘डिलीट’ एकत्र दाबल्यावर ‘इग्नोअर’ चालू होतं. मग त्या संभाषणातले आलेले आणि पुढे येणारे सगळे मेल थेट ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातात.

इथे आपल्या सगळ्यांची एक सवय आड येते. नवा विषय काढायचा असला, तरी आपण जुन्याच मेलला ‘रिप्लाय ऑल’ करतो. सहलीच्या मेलखाली निधीचा हिशेब, त्याखाली कोणाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. संगणकाच्या लेखी ते सगळं एकच संभाषण. ते दडलं की हिशेबही गेला आणि लग्नही गेलं. म्हणून नव्या विषयाला नवा मेल, आणि वर स्वच्छ शीर्षक. मराठीच्या बाईंनी निबंधाला शीर्षक नसेल तर अर्धा गुण कापला असता, तसं समजा.

चार. मेल दोन संगणकांत वाटले गेलेत. तुमचं खातं ‘पॉप’ पद्धतीने जोडलेलं असेल, तर प्रोग्राम सर्व्हरवरचे मेल उतरवून घेतो, आणि प्रत सर्व्हरवर ठेवायला सांगितलं नसेल, तर तिथून काढूनही टाकतो. घरी एक संगणक, मुलाकडे दुसरा. सकाळी जो चालू झाला, त्याने मेल उचलले, दुसरा रिकामा. ‘आयमॅप’ पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळीकडे सारखेच दिसतात. घरात दोन यंत्रं असतील, तर आयमॅपच बरं.

पाच. प्रोग्रामच जुना झालाय. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर चालणारा बाहेरच्या प्रोग्रामचा प्रवेश बंद केला. तेव्हापासून जुने प्रोग्राम पासवर्ड विचारत बसतात आणि बरोबर टाकला तरी ऐकत नाहीत. विंडोजबरोबर येणारं ‘मेल’ नावाचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवलं. उघडल्यावर तुमचे जुने मेल दिसले, तरी नवे तिथे येणार नाहीत. नवा आउटलुक किंवा नवा थंडरबर्ड घ्या आणि खातं जोडताना ब्राउझरची खिडकी उघडून गूगलचं लॉगिन येतंय ना, ते बघा.

याशिवाय एक बारीकसं कारण. थंडरबर्डमध्ये वरच्या पट्टीवर ‘अनरीड’ बटण दाबलेलं राहिलं, की वाचलेले मेल गायब झाल्यासारखे वाटतात. ते बटण सोडवा. तरीही यादी विस्कळीत वाटली, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘रिपेअर फोल्डर’ वापरून बघा. प्रोग्राम त्या फोल्डरची सूची नव्याने तयार करतो.

वेबवरही नाही, पण ग्रुपच्या संग्रहात आहे

पहिली शंका पेटी भरल्याची. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. मोबाइलमधले नातवंडांचे व्हिडिओ आपोआप तिथे जात असतील, तर मेलसाठी जागा उरत नाही आणि बाहेरून येणारे मेल परत जाऊ लागतात. तुम्हाला वाटतं, हल्ली कोणी लिहीत नाही.

दुसरी शंका ग्रुपमधल्या तुमच्या नोंदीची. गूगल ग्रुप्समध्ये प्रत्येक सभासदाला ठरवता येतं की प्रत्येक मेल यावा, गठ्ठ्याने यावेत, की काहीच येऊ नये. कधीतरी परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत ‘नको’ केलेलं तसंच राहतं. शिवाय नोकरी बदलली की ऑफिसचा पत्ता मरतो, पण ग्रुपच्या यादीत तो तसाच असतो.

तिसरं कारण जरा तांत्रिक आहे, पण त्यामुळे पडणाऱ्या एका कोड्याचं उत्तर मिळतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांबद्दल जगातल्या सर्व्हरांना असं सांगून ठेवलं की आमच्या नावाचा मेल आमच्या सर्व्हरवरून आलेला नसेल, तर तो नाकारा. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. खोट्या नावाने मेल पाठवणाऱ्यांना आळा घालणं हा हेतू होता. पण ग्रुपचा सर्व्हरही तुमच्या नावाने मेल पुढे पाठवतच असतो! त्यामुळे जगभरच्या ग्रुपांवरचे मेल नाकारले जाऊ लागले. उपाय म्हणून ग्रुपांनी अशा मेलवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी ‘अमुकतमुक, ग्रुपमार्फत’ असं लिहून ग्रुपचाच पत्ता घालायला सुरुवात केली. म्हणून एखाद्या मित्राचा मेल त्याच्या पत्त्याने शोधला तर सापडत नाही, आणि त्याच्या पत्त्यावर लावलेला फिल्टरही चालत नाही. फिल्टर लावायचाच असेल, तर ‘लिस्ट-आयडी’ या ओळीवर लावा. २००१ साली ठरलेल्या प्रमाणानुसार ग्रुपचे सर्व्हर ही ओळ प्रत्येक मेलच्या डोक्यावर लिहितात आणि लिहिणारा बदलला तरी ती बदलत नाही.

स्वतःचाच मेल दिसत नाही

ही तक्रार वेगळी आहे, आणि ज्या बाईंची होती त्या इथे दुसऱ्या रांगेत बसून हसतायत. बाईंनी दिवाळीच्या शुभेच्छा ग्रुपवर पाठवल्या. इतरांचे मेल इनबॉक्समध्ये येतात, आपला आला नाही, म्हणजे गेला नसावा, म्हणून पुन्हा पाठवल्या. मग तिसऱ्यांदा. आपल्यातल्या एका हुशार मुलाने लिहिलं, ‘बाई, तीन वेळा लिहून काढायची शिक्षा आम्हाला असायची!’ सगळे हसले. बाईंनी मात्र त्यानंतर वर्षभर ग्रुपवर काही लिहिलं नाही.

बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही ज्या ग्रुपमध्ये आहात, त्यावर तुम्हीच पाठवलेला मेल परत आला, तर जीमेल तो इनबॉक्समध्ये ठेवत नाही. प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. त्यावरून जीमेलला कळतं की ही याच माणसाने पाठवलेल्या मेलची प्रत आहे, आणि पसारा नको म्हणून ती बाजूला ठेवली जाते. ‘सेंट’मध्ये आणि ‘ऑल मेल’मध्ये तो मेल असतो, कोणी उत्तर दिलं की संभाषण इनबॉक्समध्ये येतं. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डमध्ये कितीही खटपट केली तरी ती बदलत नाही. तेव्हा आपला मेल गेला की नाही हे बघायचं असेल, तर ग्रुपचं वेबपान उघडा. तिथे दिसला, तर गेला. बाई, या दिवाळीला लिहा. एकदाच लिहा, आणि आम्ही उत्तर देऊ.

आपण सगळ्यांनी काय करायचं

आतापर्यंत सांगितलं ते ज्याने त्याने आपल्या संगणकावर करायचं. पण ज्याला मेल येत नाही, त्याला ते कळतच नाही, ही मूळ अडचण तशीच राहते. ती ग्रुपनेच सोडवायला हवी. समितीशी बोलून चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, वर्षातून दोनदा हजेरी. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर ग्रुपवर एक मेल येईल. शीर्षक ‘हजेरी’. त्याला नुसतं ‘हजर’ असं उत्तर द्यायचं, तेही फक्त पाठवणाऱ्याला, सगळ्यांना नाही. नाहीतर शंभर ‘हजर’ वाचून लोक ग्रुप सोडतील. पंधरा दिवसांत ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांना फोन जाईल. सर वर्गात हजेरी घ्यायचे, ती समोर बसलेल्यांना मोजायला नव्हे. कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे कळावं म्हणून घ्यायचे.

दुसरी, प्रत्येकाचा दुसरा रस्ता. प्रत्येक सभासदाचा फोन नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर समितीकडे असेल. मेल पोचत नाही हे मेलनेच कसं कळवणार?

तिसरी, ग्रुपला दोन व्यवस्थापक. अडवलेले मेल आणि परत फिरणारे पत्ते ते दर आठवड्याला बघतील. ज्याला दोन पत्ते वापरायची सवय आहे, त्याचे दोन्ही पत्ते ग्रुपमध्ये नोंदवले जातील; त्यातल्या एकावर मेल घेणं बंद ठेवलं की प्रती दुप्पट येणार नाहीत. आपल्या मैत्रिणीवर आलेली वेळ पुन्हा कोणावर यायची नाही.

चौथी, सभासदांची यादी आणि महत्त्वाची कागदपत्रं वर्षातून एकदा उतरवून ठेवायची. याहू ग्रुप्स ही एकेकाळी फार मोठी सेवा होती. ती १५ डिसेंबर २०२० ला बंद झाली. कुठलीही फुकट सेवा कायमची नसते.

आणि पाचवी गोष्ट समितीची नाही, माझी विनंती आहे. कोणाचं उत्तर आलं नाही, तर मनात धरण्याआधी एक फोन करा. ‘तू उत्तर दिलं नाहीस’ असं म्हणू नका, ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारा. दोन्ही प्रश्नांना एक मिनिटच लागतं, पण दुसऱ्या प्रश्नानंतर बोलणं चालू राहतं.

आता चहाची वेळ झाली. दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात आपला चालू मेल पत्ता आणि फोन नंबर आपल्या हाताने लिहा आणि पुढे सही करा. ज्यांनी लॅपटॉप आणलाय, त्यांनी तो घेऊन माझ्या शेजारी बसा. जेवणापर्यंत मी तिथेच आहे. आधी सर आणि बाईंचा नंबर.